पूर्वजांत सरदार शोधायला निघालात? आधी कोतवाल पंजी वाचा

नागपूरकडच्या पुष्कळ घरांत एक वाक्य असतंच: "आपला खापरपणजोबा भोसल्यांच्या फौजेत होता." कुणी शिलेदार म्हणतं, कुणी थेट सरदार. शेतमजुरीत, मागावर किंवा गिरणीच्या पाळ्यांत पिढ्या गेलेल्या घरांत हे वाक्य जरा जास्तच जपलेलं असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या माणसांत कुणीतरी नाव काढलेलं असावं असं वाटायचंच.

घोटाळा होतो तो सुरुवातीलाच. लोक त्या सरदारापासून खाली उतरायला लागतात. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या घराण्याशी आडनाव जुळलं की मधल्या पाच पिढ्या अंदाजाने भरल्या जातात आणि वंशवृक्ष फ्रेम करून भिंतीवर लागतो. खाली दिलेली वाट उलटी आहे: स्वतःपासून वर, एकेक पायरी, प्रत्येक पायरीला एक कागद. कोतवाल पंजी, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, हा त्यातलाच एक. वर कुणी मोठा माणूस भेटलाच, तर तो या वाटेने भेटलेला असेल तेव्हाच तुमचा.

काय काय लागेल

एक जाड वही, पेन्सिल (अभिलेखागारात शाईचा पेन टेबलावर ठेवू नका), भिंग, बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा मोबाइल, कोर्ट फी स्टॅम्प, स्वतःचं ओळखपत्र आणि नातं दाखवणारा एखादा कागद: वडिलांचा शाळेचा दाखला, आजोबांचा मृत्यूचा दाखला, घराची आखीव पत्रिका, जे असेल ते. आणि वेळ. कचेरीत एका फेरीत काम झालं तर नशीब समजा.

वहीत प्रत्येक पूर्वजाला क्रमांक द्या. तुम्ही १, वडील २, आई ३. कुणाचाही क्रमांक दुप्पट केला की त्याचे वडील, दुपटीत एक मिळवला की आई. म्हणजे ५ क्रमांकाची आजी, तिचे वडील १०, तिची आई ११. नावं बदलली, आडनावं बदलली, तरी क्रमांक बदलत नाही. एकाच घरात तीन पिढ्यांत दोन "गोविंदा" असतात तेव्हा याची किंमत कळते.

१. आधी सनावळ्यांचा हिशेब मांडा

कचेरीत जाण्याआधी घरबसल्या अर्धी दंतकथा तपासून होते. एका पिढीला सरासरी २८ वर्षं धरा. तुमचा जन्म १९८५चा असेल तर वडील साधारण १९५७, आजोबा १९२९, पणजोबा १९०१ आणि खापरपणजोबा १८७३. तिसरे रघुजी भोसले वारले ११ डिसेंबर १८५३ला आणि १८५४मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं. म्हणजे खापरपणजोबा जन्मले तेव्हा भोसल्यांची फौज संपून वीस वर्षं झाली होती.

मग गोष्ट खोटीच का? तसंही नाही. "खापरपणजोबा" हा शब्द घरात बहुतेकदा "फार जुना कुणीतरी" एवढ्याच अर्थाने वापरतात. सीताबर्डीच्या १८१७च्या लढाईत उभा असलेला माणूस निदान १७९०च्या आसपास जन्मलेला हवा. तो तुमच्यापासून मोजून आठव्या पिढीत येतो. पहिल्या रघुजींच्या बंगालवरच्या स्वाऱ्या १७४०च्या दशकातल्या, तिथला माणूस हवा असेल तर दहाव्या-अकराव्या पिढीपर्यंत चढावं लागेल. वहीच्या पहिल्या पानावर हे आकडे लिहून ठेवा, म्हणजे किती पायऱ्या चढायच्या आहेत ते कळतं.

त्याच पानावर आणखी एक आकडा लिहा: आठव्या पिढीत तुमचे पूर्वज १२८. आडनावाच्या धाग्यावर त्यातला फक्त एक येतो. उरलेले १२७ आई, आजी, पणजी यांच्या माहेरचे. नामांकित पूर्वज सापडण्याची शक्यता कुठे जास्त आहे ते यावरून बघा, तरी सगळे शोधतात तो एकच धागा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होत आली, म्हणून हे १२८ जण प्रत्यक्षात कमी भरतील. एकच माणूस दोन क्रमांकांवर आला तर चूक समजून खोडू नका, दोन्हीकडे ठेवा.

२. घरातली भांडी, पेट्या, देव्हारा

लोक सातबाऱ्यापासून सुरुवात करतात. तुम्ही भांड्यांपासून करा. आंदणात आलेले पितळी गुंड, परात, ताटं उलटी करून बघा. काठावर किंवा बुडाखाली ठोकून घातलेली अक्षरं असतात, काहीशी अशी: "चि. सौ. कां. सरस्वती हीस मामाकडून, मौजे कुही, ता. १४-५-३८". या एका ओळीत मुलीचं नाव, लग्नाचा हंगाम आणि साल, आणि तिच्या आईचं माहेरगाव सापडतं. सरकारी कागदात त्या बाईच्या आईचा पत्ता क्वचितच लागतो. अक्षरं झिजली असतील तर चिंच-मीठ लावून घासू नका, उरलेलंही जाईल. पातळ कागद वर ठेवून पेन्सिलीने हलकं घासा, अक्षरं कागदावर उमटतात. "सरस्वती" हे लग्नानंतरचं नाव की माहेरचं, तेवढं मात्र विचारून घ्या. सुनेचं नाव बदलायची पद्धत असल्यामुळे एकच बाई दोन नावांनी दोन कागदांत बसलेली असते.

मग पेटी. जुने खरेदीखत, कर्जरोखे, शेतसाऱ्याच्या पावत्या, गिरणीचा बिल्ला, रेल्वेचा पास, लग्नपत्रिका, दिवसाची पत्रिका. घडी मोडत आलेला कागद चिकटपट्टीने जोडू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते परत सुटत नाही. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, पुढून-मागून फोटो काढा. मागची बाजू विसरू नका. स्टॅम्प विकणाऱ्याची नोंद, खरेदीदाराचं नाव आणि तारीख तिथेच असते.

देव्हाऱ्यात पितरांचे टाक असतील तर ते मोजा आणि कोणता कोणाचा ते विचारा. कुळदैवत कुठलं, नवस कुठे फेडतात तेही लिहा. माहूरची रेणुका किंवा तुळजापूरची भवानी असली म्हणून घराणं तिकडून आलं असं सिद्ध होत नाही. शोध कोणत्या दिशेला करायचा एवढंच त्यातून सुचतं.

३. म्हाताऱ्यांशी बोला, पण प्रश्न नीट विचारा

"आपले पूर्वज कोण होते?" असं विचारलं तर सरदाराची गोष्टच ऐकायला मिळेल. प्रश्न कामाचे असावेत:

- कोणाकोणाचं दहा दिवसांचं सुतक पाळता? ज्यांचं पाळता ते खरे भाऊबंद, मग आडनाव वेगळं असलं तरी. आडनाव एकच पण सुतक नाही, त्यांना तूर्तास बाजूला ठेवा.
- पितृपक्षात कोणाचं पान कोणत्या तिथीला? त्यावरून मृत्यूची तिथी मिळते, पंधरवडा, महिना आणि साल मिळत नाही.
- घरात कुणाचा पाट लागला होता का? विधवेचा पाट लागला की पहिल्या घरची मुलं दुसऱ्या बापाच्या नावावर लागतात किंवा उलट होतं. पुढे कागदात बापाचं नाव जुळत नाही तेव्हा कारण बहुतेक इथे असतं.
- कुणी दत्तक गेलं का?
- वावर कुठे होतं? आज विकलेलं असलं तरी. गावाचं नाव आणि शेताचं घरगुती नाव, दोन्ही.

सालासाठी थेट "कोणत्या साली" विचारू नका. १९१८ची मानमोडीची साथ, १८९९-१९००चा दुष्काळ, गांधीहत्या, १९५६चा दीक्षेचा दिवस यांच्या आधी की नंतर, असं विचारा. माणसं आकडे विसरतात, पण अशा घटना विसरत नाहीत.

नावांबद्दल एक. उकंडा, दगडू, धोंड्या, फकिरा अशी नावं दिसली की ती गरिबीची किंवा हलकी समजून लोक गाळतात. आधीची मुलं दगावली की जगावं म्हणून मुद्दाम असं नाव ठेवायचे. अशा माणसाच्या जन्माच्या आधीच्या तीन-चार वर्षांत त्याच बापाच्या मुलांच्या मृत्यूच्या नोंदी शोधा. सापडल्या तर बाप तोच याचा आणखी एक दुजोरा मिळतो.

४. शाळा, नगरपालिका आणि चुलतभावाची व्हॅलिडिटी

सगळ्यात सोपी पायरी हीच, आणि लोक ती शेवटी करतात. भाऊबंदांत कुणी जात वैधता प्रमाणपत्र काढलं असेल तर त्याच्या फाइलची प्रत मागा. तिच्यात शपथपत्रावर वंशावळ असते आणि तिला जोडलेले जुने पुरावे असतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचा पुरावा द्यावा लागतो, त्यामुळे कुणीतरी तुमच्या आधीच कचेऱ्या हिंडून आलेलं असतं. मात्र ही वंशावळ बापाकडचीच असते. तिच्यात मुली नसतात आणि कधीकधी निपुत्रिक वारलेले काकेही नसतात.

शाळेत दाखल-खारीज रजिस्टर मागा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, सोबत नात्याचा पुरावा. नाव, बापाचं नाव, जात, गाव, आधीची शाळा असे रकाने असतात. जन्मतारखेवर फार विसंबू नका. १ जून किंवा १ जुलै दिसलं की ती मास्तरांनी घातलेली आहे आणि दोन-तीन वर्षं इकडेतिकडे असू शकते. आडनावही पुष्कळदा शाळेतच पहिल्यांदा लागलेलं असतं. सख्खे भाऊ दोन आडनावांनी दिसले तर दचकू नका.

१४ ऑक्टोबर १९५६नंतर ज्या घरांनी धम्मदीक्षा घेतली त्यांच्या जातीच्या आणि धर्माच्या रकान्यात बदल दिसेल. काही घरांनी नावं-आडनावंही बदलली. १९५६च्या अलीकडची आणि पलीकडची नोंद जोडणारा कागद, म्हणजे एकाच मुलाचा दोन शाळांतला दाखला, आधी मिळवा, मग मागे जा.

शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी महापालिकेत. नोंद शोधून उतारा मागता येतो. मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण देत नाहीत, तो कायदाच आहे, बाबूशी भांडू नका.

५. कोतवाल पंजी

जमीन नसलेल्या घराला कागद नाही, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची खबर कोतवाल ठेवायचा आणि पोलिस ठाण्याला कळवायचा. तीच नोंदवही कोतवाल बुक किंवा कोतवाल पंजी. तिच्यात मालगुजाराचं (गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या गावमालकाचं) पोर आणि सालदाराचं पोर एकाखाली एक येतं. मजुरांच्या घरांसाठी यापेक्षा चांगलं साधन नाही.

मिळेल कुठे? तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्जात हे लिहा: मौजा, तहसील, पटवारी हलका नंबर माहीत असेल तर तो, आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. "माझ्या आजोबांची नोंद द्या" असा अर्ज केला तर "नोंद आढळून येत नाही" असा शिक्का मारून परत येईल. पाच-पाच वर्षांचे तुकडे करून मागा आणि आधी अवलोकनाची परवानगी मागा, नक्कल नंतर. स्वतः पानं चाळली की जे सापडतं ते दुसऱ्याला सापडत नाही.

वाचताना तीन खाचखळगे. पहिला: जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, कारण बारसं झालेलं नसतं. "मुलगा" किंवा "मुलगी" आणि बापाचं नाव, बस. म्हणून आजोबांच्या नावाने शोधू नका, त्यांच्या बापाच्या नावाने शोधा. दुसरा: पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तेव्हा नोंद आजोळच्या गावात लागलेली असते. तिसरा: तारीख जन्माची की खबर दिल्याची, ते रकान्याचं शीर्षक वाचून ठरवा.

हे कोतवालीचं काम आपल्या भागात पुष्कळ गावांत महार समाजातल्या घरांकडे होतं. तुमच्या घरात ते असेल तर घराचं नाव नोंदवहीत इतरत्रही, नेमणुकीच्या आणि मोबदल्याच्या कागदांत मिळू शकतं.

६. जमिनीचे कागद: वल्द, बेवा आणि आणेवारी

आधी आपलं मूळ गाव वर्धा नदीच्या कोणत्या बाजूला ते बघा. अलीकडे भोसल्यांचा मुलूख, पुढे मध्य प्रांत, मालगुजारी पद्धत. पलीकडे वऱ्हाड, जे १८५३मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि १९०३पासून मध्य प्रांताबरोबर चालवलं गेलं. तिथे रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा. तिथे मालगुजार शोधू नका, पटेल-पटवारी आणि देशमुख-देशपांडे शोधा.

नागपूरकडे मागे जाण्याचा क्रम असा: आजचा सातबारा, मग फेरफार, मग १९५४-५५चा अधिकार अभिलेख, आणि त्याच्या मागे बंदोबस्ताच्या, म्हणजे शेतसारा ठरवण्याच्या पाहणीच्या, मिसली (फायली). पहिला लांब मुदतीचा बंदोबस्त १८६०च्या दशकातला, नंतर १८९०च्या दशकात आणि १९१०च्या दशकात. मालगुजारी ३१ मार्च १९५१ला संपली, त्यामुळे १९५०च्या दशकातला अधिकार अभिलेख हा जुन्या आणि नव्या नावांमधला सांधा आहे. तो चुकवून थेट मागे उडी मारू नका. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख सरकारच्या "आपले अभिलेख" संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. आधी तिथे बघा, फेरी वाचेल.

नोंदीची भाषा समजली पाहिजे. समजा अशी ओळ आहे: "गोमा वल्द डोमा, कौम तेली, साकिन देह, मौरूसी काश्तकार". वल्द म्हणजे मुलगा, तर डोमा हा बाप. मोडी मराठी कागदात याच जागी "बिन" येतं. कौम म्हणजे जात. साकिन देह म्हणजे याच गावचा रहिवासी, बाहेरचा असता तर "साकिन" नंतर गावाचं नाव आलं असतं. मौरूसी म्हणजे वारसाहक्काने चालणारं कूळ. बाईच्या नावापुढे "जौजे" असेल तर नवरा हयात, "बेवा" असेल तर विधवा. "नाबालिग" दिसलं की शेजारी "वली" बघा: पालक म्हणून आईचं किंवा मामाचं नाव असतं आणि आईकडचा धागा तिथून सुटतो. "लाऔलाद" म्हणजे निपुत्रिक, ती फांदी तिथे संपली. तुमची "पूर्वज" म्हणून लावलेली व्यक्ती लाऔलाद निघाली तर तुम्ही चुकीच्या भावावर चढला आहात, एक पायरी खाली या.

मालगुजार किंवा हिस्सेदार घर असेल तर आणेवारीवरून वंशावळ वाचता येते. पूर्ण गाव म्हणजे सोळा आणे. दोन भावांत वाटणी झाली की आठ-आठ आणे. त्यातल्या एकाला तीन मुलं असतील तर प्रत्येकी दोन आणे आठ पै. म्हणून यादीत एका ठिकाणी दोन आणे आठ पैचे तीन हिस्सेदार आणि एक आठ आण्यांचा दिसला, तर तिघे सख्खे भाऊ आणि आठ आणेवाला त्यांचा चुलता किंवा चुलतभाऊ, असा पहिला अंदाज बांधा. खात्री "वल्द" बघून करा, कारण हिस्से विकलेही जायचे. आणि "सीर" किंवा "खुदकाश्त" लिहिलेली जमीन ही मालगुजाराची घरची शेती, तिच्यावर राबणाऱ्याचं नाव तिथे सापडेलच असं नाही.

मालगुजार सापडला म्हणजे घराणं सरदारी, असंही नाही. इंग्रजांनी मालकी हक्क दिले ते गावच्या पाटलांना, सावकारांना, ठेकेदारांना, ज्याच्या हाती गाव होतं त्यांना.

गावाच्या नावात फसू नका. बोरगाव, पिंपळगाव, खापरी, सोनेगाव ढिगाने आहेत. खुर्द की बुद्रुक, की आता वस्ती नसलेली रिठी, ते लिहून ठेवा. तहसीलही बदललेली असते: नरखेडची गावं जुन्या कागदांत काटोलमध्ये, भिवापूरची उमरेडमध्ये, पारशिवनीची रामटेकमध्ये. वर्धा जिल्हा १८६२मध्ये नागपुरातून निघाला, गडचिरोली १९८२मध्ये चांद्यातून (आजच्या चंद्रपुरातून), गोंदिया १९९९मध्ये भंडाऱ्यातून. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला की महिना वाया.

जमीन विकली-घेतली असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातली सूची बघा. खरेदीखतात वय, बापाचं नाव, जात, धंदा, राहण्याचं गाव सगळं असतं. वाटणीपत्र सापडलं तर एका कागदात तीन पिढ्या उभ्या राहतात.

कचेरी दाद देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांत. उत्तराला तीस दिवस. चिडून लिहू नका, रजिस्टरचं नाव आणि साल नेमकं लिहा.

७. मोडी आणि सनांचा गुंता

एकोणिसाव्या शतकात शिरलात की मोडी येणारच. मोडी वाचणारा मिळतो, पण जुजबी तरी स्वतः शिका, म्हणजे वाचणाऱ्याने अंदाजाने नाव लावलं तर कळेल. मोडीत शिरोरेषा आधी आखतात, शब्द सुटे करत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. "मौ॥" म्हणजे मौजे, "प॥" म्हणजे परगणे. पहिल्यांदा फक्त आपल्या गावाचं आणि आडनावाचं वळण वीस वेळा गिरवा, मग पानावर नुसती नजर फिरवली तरी ते उठून दिसतं. वाचकाकडून काम करून घेतलंत तर मूळ ओळ जशीच्या तशी देवनागरीत लिहून मागा. "सारांश" घेऊ नका, सरदार सारांशातच जन्माला येतात.

सन मोजायचे असे. शकात ७८ मिळवा. विक्रम संवतातून ५७ वजा करा. फसली हा शेतसाऱ्याचा सन: दक्षिणी फसलीत ५९० आणि उत्तरेकडच्या फसलीत ५९२ मिळवा. मराठेशाहीच्या कागदांत येणाऱ्या सुहूर सनात ५९९ मिळवा. वर्ष मध्येच बदलत असल्यामुळे सगळीकडे एक वर्ष पुढे धरायची तयारी ठेवा. सुहूर सन अरबी अंकशब्दांत येतो, एकंपासून वर: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. मग दशक: अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. "इसन्ने सबैन मया व अलफ" म्हणजे २ + ७० + १०० + १०००, सुहूर ११७२, इसवी १७७१-७२. तारखेआधी "छ" असेल तर तो मुसलमानी महिन्याचा चंद्र.

भोसलेकालीन आणि ब्रिटिशकालीन कागदांसाठी पुराभिलेख संचालनालयाची नागपूर शाखा आहे, आणि प्रादेशिक इतिहासाच्या साधनांसाठी विदर्भ संशोधन मंडळ. तिथे जाण्याआधी निदान १८६०च्या दशकापर्यंतची माणसं कागदावर बांधलेली असावीत. मोकळ्या हाताने गेलात तर दिसेल तो "गणोजी" आपला वाटायला लागतो.

८. तीर्थोपाध्यायांच्या वह्या, भाट, परधान

त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वह्या असतात. घरातलं कुणी अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला गेलं असेल तर स्वतःच्या हाताने नावं लिहून आलेलं असतं. आडनाव, जात आणि मूळ गाव सांगितलं की तुमच्या मुलखाचा उपाध्याय कोण ते तिथे कळतं. आजचा पत्ता सांगू नका, मूळ गावच सांगा. पानाचा फोटो मागा, नुसतं वाचून दाखवलेलं लिहून घेऊ नका, आणि दक्षिणा आधी ठरवा.

काही समाजांत भाट पोथ्या ठेवतात. गोंडांची कुळं आणि कथा परधान गातात. या परंपरेतून कुळ, देव आणि मूळ ठिकाण यांची माहिती चांगली मिळते. तिला तिच्या जागी मान द्या, पण सालांसाठी वापरू नका. आणि पैसे घेऊन आठ दिवसांत "घराण्याचा इतिहास" छापून देणारा कुणी भेटला तर लांब राहा. ज्याला पैसे राजवंशासाठी मिळतात तो राजवंशच देतो.

९. नामांकित माणूस बहुधा जवळच्या पिढीत असतो

अठराव्या शतकाकडे डोळे लावून बसलेले लोक विसाव्या शतकातला माणूस ओलांडून जातात. नागपुरात १९२३चा झेंडा सत्याग्रह झाला, १९३०मध्ये विदर्भात जंगल सत्याग्रह, १९४२च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टीचे उठाव. तुरुंगात गेलेल्या शेतमजुराचा कागद शिलेदाराच्या कागदापेक्षा पक्का असतो: शिक्षेची तारीख, बापाचं नाव, गाव. घरात स्वातंत्र्यसैनिकाला मिळालेला १९७२चा ताम्रपट असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातली निवृत्तिवेतनाची फाइल मागा, तिच्यात अर्जदाराचं शपथपत्र असतं. दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (CWGC) संकेतस्थळावर शोधता येतात, अनेकांपुढे बापाचं नाव आणि गाव दिलेलं आहे. इंग्रजी स्पेलिंग मात्र दहा प्रकारे करून बघा.

१८७७मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये चार-चार पिढ्या राबलेली घरं आहेत. त्यांच्याकडे बिल्ला, हजेरी कार्ड, फंडाच्या पावत्या असतात. मिशनच्या शाळेत किंवा चर्चमध्ये नाव असेल तर बाप्तिस्म्याचं रजिस्टर, मुसलमान घर असेल तर काझींची निकाहाची नोंदवही.

१०. मोठं नाव दिसलं की हात आखडता घ्या

चढता चढता एखादं नामांकित नाव समोर आलं, तर चार प्रश्न. माझ्या शेवटच्या पक्क्या पूर्वजाचं आणि याचं गाव एक आहे का? मधल्या प्रत्येक पिढीला "वल्द" किंवा "बिन" आहे का? त्याच काळात त्याच गावात त्याच नावाचा दुसरा कुणी होता का? आणि त्या घराण्याच्या स्वतःच्या वंशावळीत माझा माणूस आहे का? एकाचंही उत्तर अडलं तर वहीत पेन्सिलीने लिहा आणि पुढे "अंदाज" असा शब्द घाला.

भोसले, शिंदे, पवार, जाधव ही आडनावं कितीतरी जातींत आहेत. देशमुख, चिटणीस, हवालदार ही मुळात पदं. "फौजेत होता" याचे अर्थही पुष्कळ: शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला घोडा सरकारातून, आणि त्यांच्यामागे बैल हाकणारे, चारा आणणारे, पखाली वाहणारे कितीतरी. थुंकीवरून वंश सांगणाऱ्या चाचण्या नावाचा माणूस दाखवत नाहीत. जवळचे नातलग त्याच कंपनीकडे असतील तर तेवढे दाखवतील.

त्या घराण्याच्या आजच्या वारसांकडे जायचं असेल तर एक पानी पत्र लिहा, कागदांच्या प्रती जोडा आणि पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहा की जमिनीचा किंवा वाड्याचा काही दावा नाही. हे लिहिलं नाही तर दार उघडणार नाही, कारण त्यांच्याकडे याआधी असे आलेले बहुतेक जण तेवढ्यासाठीच आलेले असतात.